पाणी बाधलं की बाटली?

गेल्या जानेवारीत आमच्या ऑफिसात पाण्याची साथ आली. कुणीतरी दोन लिटरची, अंगावर वेळा छापलेली बाटली आणली. सकाळी नऊपर्यंत या रेघेपर्यंत, अकरापर्यंत त्या रेघेपर्यंत. पंधरा दिवसांत प्रत्येक टेबलावर तशी एकेक उभी राहिली. मीही घेतली, फिकट जांभळी, वर दुमडून बसणारी स्ट्रॉ असलेली. तोवर माझं दिवसाचं पाणी म्हणजे चार-पाच पेले आणि चहा. तिथून एकदम साडेतीन लिटरवर गेले. पहिल्याच आठवड्यात पोटाला गुबारा धरायला लागला. दुसऱ्या आठवड्यात दिवसातून तीन-चारदा मुरडा मारून पातळ शौचाला व्हायला लागलं. ओवा चघळून झाला, हिंगाचा लेप झाला, बाहेरचं खाणं बंद झालं. पोट बिघडलंय म्हणून पाणी मात्र भरपूर प्यायचं ठरवलं, आणि तेही त्याच बाटलीतून.

पुढचे दोन महिने मी या प्रकरणाचा जरा हट्टानेच छडा लावला. त्यातून जी पद्धत हाती आली ती क्रमाने सांगते. संशयित पाच असतात: बाटली, तिच्यातलं पाणी, पिण्याची रीत आणि माप, पाण्यात घातलेल्या वस्तू, आणि ज्याचा पाण्याशी काहीच संबंध नाही असा एखादा योगायोग. सगळे एकदम बदलले तर पोट बरं होतं, पण चोर सापडत नाही आणि महिन्याभरात परत येतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी एक हिशेब

आपण पितो ते पाणी, जेवणातला ओलावा, लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस हे सगळं मिळून मोठ्या माणसाच्या आतड्यांतून रोज साधारण ८ ते ९ लिटर द्रव जातो. त्यातला बहुतेक सगळा परत शोषला जातो आणि शौचावाटे १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो. एवढा व्यवहार रोज करणाऱ्या आतड्यांना तुमचं वाढीव दीड लिटर दिवसभरात विभागून आलं तर जड नसतं. ते शोषलं जातं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. तेव्हा लघवीच्या फेऱ्या वाढल्या तर ते पाणी वाढल्यामुळेच, पण ‘पाणी जास्त झालं म्हणून जुलाब लागले’ हे कारण लगेच मान्य करू नका. पोट डब्ब होणं, ढेकरा, पाणी घशाशी येणं ही कामं नुसतं पाणीही करू शकतं. जुलाबामागे बहुधा आणखी काही असतं.

आणखी एक. सकाळी उठल्याबरोबर मोठा पेलाभर पाणी, त्यातून कोमट, प्यायलं की जठर ताणलं जातं आणि मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो. त्यामुळे पाणी वाढवल्यावर शौचाला लवकर, मऊ आणि दिवसातून एकाऐवजी दोनदा होऊ लागलं तर तो बिघाड नाही. बद्धकोष्ठ असलेल्यांना तर हेच हवं असतं.

हे घरी सोडवण्यासारखं आहे ना?

शौचात रक्त किंवा आव, चांगलाच ताप, थांबत नसलेल्या उलट्या, सात-आठ तास लघवी नाही, उभं राहताना भोवळ, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कारण नसताना वजन उतरणं, यांपैकी एक जरी गोष्ट असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. लहान बाळ, गरोदर बाई, सत्तरीपुढचं माणूस, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं माणूस यांच्यासाठी थांबायची मुदत आणखी कमी धरा. बाकीच्यांनीही दोन दिवसांत पाणीदार जुलाब थांबले नाहीत तर घरगुती प्रयोग आवरते घ्यावेत.

पुण्यात राहणाऱ्यांना एक लक्षण वेगळं सांगायला हवं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पोटात जातो. बहुतेकांना त्याने नुसते जुलाब होतात आणि बरे होतात. फार थोड्या जणांत मात्र शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. म्हणून जुलाब होऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येऊन जोर कमी वाटू लागला, जिना चढवेना, तर सकाळची वाट न बघता सरळ मोठं रुग्णालय गाठायचं.

वहीचे तीन दिवस

आमच्या डॉक्टरांनी मला गोळी देण्याआधी वही आणायला सांगितली होती. तेव्हा राग आला होता. एका पानावर चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता, किती आणि कशातून पाणी प्यायले, ते कुठलं होतं, घरचं, ऑफिसचं की हॉटेलातलं, सोबत काय खाल्लं, पोटाचं काय झालं. ‘पोट बिघडलं’ असं मोघम लिहू नका. गॅस, ढेकर, मळमळ, मुरडा, पातळ, पाणीदार, हे सगळे वेगळे शब्द आहेत आणि वेगवेगळ्या दिशा दाखवतात. पाणी प्यायल्यावर दहा-वीस मिनिटांत पोट फुगत असेल तर पिण्याची रीत तपासायची. प्यायल्यावर लगेच मळमळ आणि तोंडाला धातूची चव असेल तर तांब्याची बाटली बघायची. वेळेचा काही मेळच लागत नसेल आणि पातळ होत असेल तर जंतू किंवा पाण्यात घातलेली एखादी पावडर.

तीन दिवस पेल्याने

सगळ्या पद्धतीतली ही सर्वांत कामाची पायरी, आणि हिला पैसा लागत नाही. पाणी तेच ठेवायचं, माप तेच ठेवायचं. फक्त बाटली कपाटात ठेवून स्वच्छ घासलेल्या स्टीलच्या पेल्याने, बसून, घोट घोट प्यायचं. ऑफिसातही पेला न्यायचा. माझ्या टेबलावरचा फुलपात्राएवढा पेला बघून लोक हसले, पण त्यांचीही पोटं काही फार बरी नव्हती.

तीन दिवसांत आराम पडला तर दोष बाटलीचा किंवा बाटलीतून पिण्याच्या रीतीचा. काहीच फरक पडला नाही तर बाटली बहुधा निर्दोष. सरळ पाण्याच्या मुद्द्याकडे जा. माझ्या बाबतीत पातळ होणं दुसऱ्या दिवशी थांबलं आणि गुबाराही उतरला. मग बाटली पूर्ण धुऊन परत वापरायला घेतली तेव्हा जुलाब आले नाहीत, गुबारा मात्र दोन दिवसांत परत आला. म्हणजे चोर दोन होते.

बाटली उघडायची म्हणजे कुठवर उघडायची

मी बाटली रोज धूत होते. निदान तसं मला वाटत होतं. थेंबभर साबण, थोडं पाणी, झाकण लावून खळखळवायचं आणि ओतायचं. सासूबाई एकदा ते बघून म्हणाल्या, “माठ रोज विसळून, आतून हात फिरवून भरतेस. मग या बाटलीला सूट का गं?”

त्या संध्याकाळी झाकण सुटं केलं. झाकणाच्या आतल्या खाचेत कुकरच्या रिंगसारखं एक पांढरं रबर बसवलेलं असतं. ते निघतं, हेच मला माहीत नव्हतं. टूथपिकने एक कड उचलली तर रबर आधी चिकटून ताणलं गेलं आणि मग सुटताना हलकासा ‘चप्’ आवाज आला. खाचेत काळपट रेघ होती, बोटाला बुळबुळीत. रबराच्या मागच्या बाजूला मोहरीच्या निम्म्याएवढे काळे ठिपके. स्ट्रॉ उजेडाकडे धरली तर आत खालच्या बाजूने एक गुलाबीसर थर. वास कुबट, पावसाळ्यात दोन दिवस पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा.

बाटलीत जंतूंना हवं ते सगळं मिळतं: ओलावा, ऊब, आणि प्रत्येक घोटाबरोबर तोंडातून परत जाणारी लाळ नि अन्नाचे कण. ते प्लास्टिकला, रबराला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर विणतात. तो थर नुसत्या विसळण्याने जात नाही, घासावा लागतो. न्यायाने सांगायचं तर त्यातले बरेचसे जंतू आपल्याच तोंडातले असतात आणि धडधाकट माणसाला ते काही करत नाहीत. खरी पंचाईत होते ती शौचाहून आल्यावर नीट न धुतलेल्या हाताने झाकण फिरवलं, बाटली चार जणांत फिरली, उन्हात गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली किंवा आत दूध, प्रोटीन शेक, सरबत असं काही होतं तेव्हा. आपल्याकडे उष्टं पिऊ नये, तोंड न लावता वरून प्यावं, ही शिस्त होती. सिपरने ती मोडीत काढली. एवढंच की वरून पिताना घोटाबरोबर हवाही पोटात जाते, म्हणजे गुबारा धरणाऱ्यांना तीही रीत सोयीची नाही. पेला सर्वांत बरा.

आता धुण्याचं. पहिल्यांदा कराल तेव्हा झाकणाचा फोटो काढून ठेवा, कारण रबर उलटं बसलं की बाटली गळते आणि मग माणूस रबर काढायचंच सोडून देतो. रबर सुरीने उचकू नका. त्याला चीर गेली की तिथेच पुढची घाण बसते. टूथपिक किंवा चमच्याचा दांडा पुरतो. झाकण, रबर, स्ट्रॉ, तोंडाचा सिलिकॉनचा तुकडा, सगळं सुटं करून गरम पाणी आणि भांड्याच्या साबणात पंधरा मिनिटं भिजत ठेवा. बाटली लांब दांड्याच्या ब्रशने तळाच्या कडेपर्यंत घासा. स्ट्रॉसाठी बारीक तारेचा ब्रश येतो. तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानांत दोन्ही ब्रश मिळतात. ब्रशच मिळाला नाही तर जुनी युक्ती आहे: मूठभर जाडे तांदूळ आणि थोडं साबणाचं पाणी घालून बाटली दोन-तीन मिनिटं हलवायची. स्ट्रॉ मात्र त्याने साफ होत नाही. सिंकजवळचा आठवडाभर वापरलेला ओला स्क्रबर यासाठी घेऊ नका, तो बाटलीहून घाण असतो.

वास राहिला तर दोन चमचे खायचा सोडा आणि गरम पाणी घालून रात्रभर ठेवा, झाकण न लावता. बोअरच्या पाण्याने आत पांढरट किंवा तपकिरी डाग धरले असतील तर व्हिनेगर किंवा लिंबाचं पाणी अर्धा तास. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून झाकण घट्ट लावायचा उद्योग करू नका, फेसाच्या दाबाने झाकण उडतं. ब्लीच स्टीलच्या बाटलीला घालू नका, आतून बारीक खड्डे पडतात. आणि ब्लीच व्हिनेगरमध्ये तर कधीच मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. विकत घेतलेल्या पाण्याची पातळ प्लास्टिकची बाटली महिनोन्‌महिने भरून वापरण्याची आपल्याकडे सवय आहे. ती गरम पाण्याने धुता येत नाही, आकसते, म्हणून ती कधीच नीट स्वच्छ होत नाही. तिला निरोप द्यावा.

मग वाळवणं. धुण्याइतकंच महत्त्व याला आहे. जंतूंना ओल लागते, आणि झाकण लावून ठेवलेली धुतलेली बाटली आतून दोन दिवस ओलीच राहते. उपडी, तिरकी टेकवून, झाकण आणि रबर वेगळं ठेवून रात्रभर वाळू द्या. जुलै-ऑगस्टात पुण्यात काहीच वाळत नाही, त्यामुळे दोन साध्या बाटल्या घेऊन आलटून पालटून वापरणं मला एका महाग बाटलीपेक्षा शहाणपणाचं वाटतं. साबणाने धुणं रोज, रबर आणि स्ट्रॉ काढून धुणं आठवड्यातून निदान दोनदा. दूध, शेक किंवा गोड काही घातलं असेल तर त्याच दिवशी. काळे ठिपके घासूनही जात नसतील तर रबर बदला.

बाटली स्वच्छ, तरी पोट तसंच?

मग पाण्याकडे या. पुण्यात ‘घरी कॉर्पोरेशनचं पाणी आहे’ एवढं सांगून भागत नाही. खडकवासल्याहून येणारं पाणी पर्वती आणि इतर जलशुद्धीकरण केंद्रांत शुद्ध होऊन निघतं हे खरं, पण तुमच्या पेल्यात येईपर्यंत ते पाइप, सोसायटीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि तुमचा फिल्टर एवढ्या मुक्कामांतून येतं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यांतल्या बऱ्याच भागांत आजही टँकर आणि बोअर हेच खरं पाणी आहे. टँकर कुठे भरला जातो, बोअरचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये मिसळतं का, टाकी शेवटची कधी धुतली, हे तीन प्रश्न सेक्रेटरींना विचारा. टाकीवर धुतल्याची तारीख रंगवलेली असते. ती वाचायला गच्चीवर जायला लाजू नका. आमच्याकडची तारीख वाचून मी खाली आले तेव्हा पुढच्या सभेचा पहिला विषय ठरला होता.

वहीचा एक फायदा मला इथे झाला. मार्चमध्ये एका शनिवारी पुन्हा मुरडा आला. बाटली तेव्हा चकाचक होती. मागची पानं चाळली तर त्या आठवड्यात ‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने’ हे आपल्या ओळखीचं निवेदन आलेलं होतं. पाइप रिकामा झाला की आतला दाब जातो आणि जिथे गळती असेल तिथून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. एका नोंदीवरून सिद्ध काही होत नाही, पण तेव्हापासून पाणी बंद होऊन परत आलं की पहिलं गढूळ पाणी बादल्यांत काढून झाडांना आणि फरशीला देते, आणि दोन दिवस पिण्याचं पाणी उकळते.

उकळायचं म्हणजे खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट. पुण्याच्या उंचीवर तेवढं पुरतं, वीस मिनिटं आटवून गॅस जाळायची गरज नाही. झाकून गार करा आणि काढताना पेला बुडवू नका, ओगराळं किंवा नळाचा माठ वापरा.

आता आरओ. आरओ असलं की निर्धास्त, असा समज आहे. यंत्र चांगलं असेल, मेंब्रेन आणि कार्बनचे फिल्टर वेळच्या वेळी बदलले असतील, तर पाणी चांगलंच असतं. पण कार्बनच्या फिल्टरमध्ये क्लोरीन निघून जातं. नळाच्या पाण्यात जंतूंना आवर घालणारं थोडं क्लोरीन शिल्लक असतं. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावं. आरओच्या पाण्याला ते संरक्षण नाही. म्हणजे तेच पाणी मळक्या बाटलीत उन्हात दिवसभर राहिलं तर आत वाढणाऱ्याला अडवणारं कुणी नसतं. रात्री उरलेलं ओतून द्या. आपल्या घरांत सकाळी शिळं पाणी ओतून ताजं भरायची रीत होती, ती बाटलीलाही लावा. ऑफिसातल्या वीस लिटरच्या जारचंही तेच: जार सीलबंद असतो, पण ज्या यंत्रावर तो उपडा होतो ते आतून कोण धुतं, हे एकदा विचाराच. आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं.

टीडीएस मीटरवर भिस्त ठेवू नका. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. टीडीएस ६० आलेलं पाणीही दूषित असू शकतं. जंतूंसाठी एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीची छोटी बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरून ती २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैला मिसळल्याचा दाट संशय. काळं नाही पडलं तर पूर्ण हमी नाही, पण काळजी कमी. सोसायटी असेल तर सरळ प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या आणि नमुन्यासाठी त्यांचीच निर्जंतुक बाटली मागा. घरच्या बाटलीत नेलात तर तुमच्या बाटलीचाच अहवाल येईल.

बोअरच्या पाण्याची गोष्ट जरा वेगळी. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, नळाच्या तोटीवर पांढरे थर बसतात. असं जड पाणी जंतू नसतानाही पोट सैल करू शकतं, कारण त्यातलं मॅग्नेशियम आणि सल्फेट जास्त झालं की ते सौम्य रेचकाचं काम करतं. चार पेले पीत होता तोवर पोटाने सोसलं, साडेतीन लिटर झाल्यावर बाधलं, असं होऊ शकतं. मानकात मॅग्नेशियम लिटरला ३० आणि सल्फेट २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर अनुक्रमे १०० आणि ४००. उकळून हे क्षार जात नाहीत. इथे आरओ खरोखर कामाचं.

किती आणि कसं

इथे मी थोडक्यात सांगते, कारण गोष्ट सोपी आहे आणि लोकांनी अवघड केली आहे. सगळ्यांना लागू पडणारा एकच आकडा नाही. पुण्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुचाकीवरून फिरणाऱ्याला लागणारं पाणी आणि डिसेंबरात एसीत बसणाऱ्याला लागणारं पाणी सारखं कसं असेल? लघवी फिकट पिवळी असली म्हणजे पुरेसं चाललंय. अगदी पाण्यासारखी होत असेल तर हात आवरा. आमटी, ताक, कलिंगड हेही पाणीच.

वाढवायचं तर आठवड्याला एकेक पेला वाढवा. एका बैठकीत २०० मिलिलिटरच्या आसपास, सावकाश. संध्याकाळी सहा वाजता बाटलीवरची रेघ गाठायची म्हणून लिटरभर घटाघटा पिणं हा वेडेपणा आहे. मूत्रपिंडं तासाला जेमतेम ८०० मिलिलिटर ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. सतत त्याहून जास्त भरलं तर रक्तातलं सोडियम उतरतं; डोकेदुखी, मळमळ, उलटी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि तेव्हा आणखी पाणी पाजणं हा उपाय नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्या.

माझ्या गुबाऱ्याचा चोर स्ट्रॉ निघाली. प्रत्येक वेळी स्ट्रॉमध्ये अडकलेली हवा आधी पोटात जाते आणि मागून पाणी. दिवसाला शंभर घोट म्हटले तर हिशेब करा. रुंद तोंडाचं साधं झाकण बसवलं आणि आठवड्यात फरक पडला. ज्यांना आम्लपित्त आहे त्यांनी जेवणानंतर लगेच मोठ्या मापाने पिणं टाळावं, भरलेलं जठर वर उसळतं. जेवताना पेलाभर पाणी प्यायल्याने पचनाचा अग्नी विझतो वगैरे मात्र मी मानत नाही.

बाटलीत आणखी काय आहे?

साखर नसलेल्या चवीच्या गोळ्या आणि पावडरी आधी तपासा. पाकिटावर सॉर्बिटॉल, झायलिटॉल असं काही असेल किंवा मॅग्नेशियम भरपूर असेल तर पातळ होणं त्यानेच असू शकतं. चिया किंवा सब्जा एकदम दोन-तीन चमचे सुरू केला असेल तर गॅस होणारच. काकडी, पुदिना, लिंबाच्या फोडी घातलेलं पाणी दिसायला छान, पण दुपारपर्यंत उन्हात ते आंबू लागतं.

तांब्याची बाटली असेल तर तिच्यात साधं पाणीच. आपल्या आज्या कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवत नसत, कळकतं म्हणून. तोच नियम. लिंबूपाणी, सरबत, ताक, संत्र्याचा रस तांब्यात गेला की आंबटपणाने तांबं सुटतं आणि मळमळ, उलटी, पोटात कळा सुरू होतात. कसब्यातल्या तांबट आळीतून घेतलेली सुंदर बाटली असली तरी या बाबतीत सवलत नाही. चिंच-मिठाने आतून घासली तर तीन-चारदा खळखळून धुवा.

आणि योगायोग विसरू नका. पाणी वाढवायचा निश्चय बहुतेक जण एकट्याने करत नाहीत. सोबत जिम, व्हे प्रोटीन, सॅलड, मोड आलेली कडधान्यं, रात्रीचं दूध असा सगळा संसार येतो. व्हेमधल्या लॅक्टोजने, म्हणजे दुधातल्या साखरेने, किंवा अचानक वाढलेल्या चोथ्याने पोट बिघडतं आणि बोल पाण्याला लागतो. नवी गोळी सुरू झाली असेल, विशेषतः मधुमेहावरची मेटफॉर्मिन किंवा प्रतिजैविक, तर वहीत तेही लिहा.

पोट सावरेपर्यंत

मऊ भात, मुगाचं वरण, ताजं ताक, केळं. जुलाब पाणीदार असतील तर ओआरएस: एक लिटरचं पाकीट म्हणजे बरोबर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, २४ तासांत संपवायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नका. ताप किंवा रक्त असताना जुलाब थांबवायची गोळी परस्पर घेऊ नका, आणि मेडिकलवाल्याकडून मागून आणलेलं प्रतिजैविक तर नकोच.

बरं वाटल्यावर एकेक गोष्ट परत आणा, मध्ये तीन-तीन दिवस ठेवून. आधी धुतलेली बाटली, मग वाढीव माप, मग पावडर वगैरे. जिथे पोट कुरकुरेल तिथे थांबा. सगळं करूनही महिनाभर त्रास चालू राहिला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. शौचाची तपासणी लागते का, आतड्याचं दुसरं काही दुखणं आहे का, हे ते बघतील.

आमच्या ओट्यावरच्या खिळ्याला आता कुकरच्या रिंगशेजारी बाटलीचं रबर रात्रभर वाळत असतं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ते कचरा समजून टाकून दिलं, आणि त्या मापाचं दुसरं शोधायला रविवार पेठेत दोन चकरा झाल्या. आता खिळ्याखाली त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी आहे: ‘सदर रबर बाटलीचे आहे. टाकू नये. धुतल्याशिवाय बसवूही नये.’